कुरतडलेल्या पानांच्या प्रमिलाताई

नर्सरीत गेल्यावर आपण रोप कसं निवडतो? हिरवंगार, तुकतुकीत, एकही पान फाटलेलं नाही असं. प्रमिलाताई बरोबर उलटं करायच्या. रांगेत मांडलेल्या रोपांपैकी ज्याची पानं कुणीतरी कुरतडली आहेत, ज्यांना भोकं पडली आहेत, एखादं पान गुंडाळून घेऊन आत कुणी बसलं आहे, असं रोप त्या शोधत. सापडलं की चष्मा कपाळावर सरकवून पानाची मागची बाजू बघत आणि समाधानाने म्हणत, "हं. इथे कुणीतरी राहतंय."

मी पहिल्यांदा त्यांना माझ्या गाडीवर मागे बसवून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडच्या एका नर्सरीत घेऊन गेलो, तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कढीपत्त्याचं एक अर्धं खाल्लेलं रोप उचललं. नर्सरीवाला भला माणूस. तो धावत आला. म्हणाला, "आजी, त्याला कीड लागलीय. ते नका घेऊ. हे घ्या, कालच फवारलंय."

"फवारलंय? मग ते तुम्ही घरी न्या आणि आमटीत घाला," ताई म्हणाल्या.

नर्सरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पुढे त्या नर्सरीत आम्ही बरेचदा गेलो आणि त्या माणसाला सवय झाली. तो आमच्यासाठी खराब माल बाजूला काढून ठेवायला लागला. एकदा तर अभिमानाने म्हणाला, "आजी, लिंबाचं एक असं रोप ठेवलंय तुमच्यासाठी, पानच राहिलं नाही." ताईंनी त्याला शाबासकी दिली.

नवीन जातीचं झाड असेल तर मात्र त्या लगेच घेत नसत. घडीचं एक स्टूल पिशवीत असायचं. ते उलगडून त्या झाडासमोर बसून राहायच्या. कोण येतं ते बघायच्या. मधमाशी आली, एखादी माशी घुटमळून गेली, की पसंत. कुणीच आलं नाही तर स्टूल मिटवून उठायच्या. मुलगी बघायला आलेली माणसंही इतका वेळ घेत नाहीत.

प्रमिलाताई म्हणजे नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या मालकीणबाई. त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक वेगळी खोली होती, ती मला भाड्याने मिळाली होती. मी करमाळ्याकडचा. आमच्या घरात बी.कॉम. झालेला पहिला मीच. पुण्यात आलो तेव्हा हातात पदवी होती आणि कुणाच्या दारात उभं राहिलं की काय बोलायचं हे माहीत नव्हतं. खोली बघायला गेलो तर त्यांनी माझा पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं. मी सांगितलं.

"शेती आहे?"

"थोडी आहे, काकू."

"मी कुणाची काकू नाही. त्यासाठी एका काकाशी लग्न करावं लागतं, ते मी केलेलं नाही. ताई म्हणा. बांधावर रुई आहे का तुमच्या?"

मी म्हणालो, "रुई काय, हवी तेवढी आहे." आमच्याकडे रुई हा काय विचारायचा विषय आहे? शनिवारी मारुतीला पानांची माळ घातली की तिचं काम संपलं. बाकी वर्षभर ती बांधावर माजते आणि तोडली की पुन्हा माजते.

"मग बोंडं घेऊन या आणि राहायला या," ताई म्हणाल्या.

मी रुईची बोंडं पिशवीत घालून एस.टी.ने निघालो. भिगवणच्या पुढे उन्हाने ती पिशवीतच तडकली. रुईच्या बियांना रेशमासारखा कापूस असतो. खिडकीतून वारा आत आला आणि सगळा कापूस गाडीभर उडाला. लोकांच्या केसांत, मिशांत, एका बाईच्या भजीच्या पुड्यात. कंडक्टर म्हणाला, "कुणाची गादी फाटली रे?" मी हाताने हवेतल्या बिया पकडत पुण्यापर्यंत आलो. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. हळहळून म्हणाल्या, "म्हणजे निम्म्या बिया हडपसरलाच उतरल्या म्हणा."

इमारतीच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी होती. वरून येणारे पाइप, एक नळ आणि माती. दुसऱ्या कुणी तिथे जुन्या फरशा रचल्या असत्या. ताईंनी तिथे बाग केली होती, पण ती बाग आहे हे कुणाला सांगितल्याशिवाय कळत नसे. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, तुळस इथपर्यंत ठीक होतं. पुढे रुई, तरवड, टाकळा, खुळखुळा, एरंडी. आमच्याकडे जे उपटून बांधावर फेकतात, ते सगळं इथे आळी करून, पाणी घालून वाढवलेलं. कुंड्यांत मोहरी लावली होती. मला वाटलं फोडणीसाठी असेल.

"मोहरी माव्यासाठी," ताई म्हणाल्या.

माझा विश्वास बसेना. आमच्या वडिलांच्या तोंडी 'मावा' हा शब्द मी ज्या सुरात ऐकला होता, त्या सुरात लोक साप म्हणतात. करडईवर ही बारीक, रस शोषणारी कीड पडली की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आणि इथे या बाई कुंडीत मावा पाळत होत्या.

"अहो, मावा आला नाही तर ढालकिडे काय खातील? त्यांना काय पोळीभाजी वाढू?"

आणि खरोखरच महिन्याभरात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ते चिमुकले ढालकिडे आले. त्यांनी मोहरीवरचा मावा खाल्ला, मग वळून जास्वंदीवरचाही खाल्ला. ताईंनी एकही औषध फवारलं नव्हतं. मी वडिलांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "बाई पेन्शनीत असतील."

होत्याच. ताईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. ट्रंक कॉलच्या जमान्यातली नोकरी. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, या भोकातली दोरी त्या भोकात घालायची आणि पुण्याच्या माणसाला नागपूरच्या माणसाशी जोडून द्यायचं. नोकरी सुटून कितीतरी वर्षं झाली तरी भाषा सुटली नव्हती. फूल म्हणजे त्यांच्या लेखी घंटी होती. जिच्यावर मधमाशी येते त्या झाडाची "लाइन लागली." दुहेरी पाकळ्यांची मोठी गुलाबी जास्वंद लोक हौसेने लावतात, पण तिच्या पाकळ्यांच्या गर्दीत माशीला आत शिरताच येत नाही. ताई तिला म्हणत, "कायम एंगेज." रंगीत पानांचा क्रोटन दिसला की मान हलवून म्हणत, "डेड."

सर्वांत मान होता तो फुलपाखरांच्या एकाच जातीसाठी असलेल्या झाडांना. पूर्वी 'पी.पी. कॉल' नावाचा एक प्रकार असे. ठरावीक माणूस फोनवर आला तरच तो कॉल जोडायचा, दुसरं कुणी चालायचं नाही. रुई ही ताईंच्या मते पी.पी. कॉल होती. नारिंगी पंखांचं, काळ्या कडेचं ते फुलपाखरू रुईच्या पानावरच अंडी घालतं. त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्यांना दुसरं पान चालत नाही.

"लोक नुसती फुलझाडं लावतात," त्या म्हणत. "फुलपाखरू येतं, मध पितं, निघून जातं. ते मंगल कार्यालय झालं. जेवलात, आलात तसे जा. घर कशाला म्हणायचं? जिथे पोरं वाढतात त्याला."

इमारतीतल्या लोकांना हे पटलं होतं असं नाही. दुसऱ्या मजल्यावर आगाशे राहत. ते सोसायटीचे अध्यक्ष. पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसवून कडेने क्रोटनच्या कुंड्या ठेवायच्या, असं त्यांचं जुनं स्वप्न होतं. दर सभेत ते हा विषय काढत आणि दर सभेत ताई तो परत पाठवत. एकदा ते तावातावाने खाली आले. मातीचं गाडगं करून राहणारी जी कुंभारीण माशी असते, तिने त्यांच्या देवघरात घर केलं होतं.

"अहो प्रमिलाताई, तुमची माशी आमच्या देवघरात शिरलीय."

"बरं झालं. देवघराचा कुणीतरी उपयोग करतंय."

"चावली म्हणजे?"

"ती चावत नाही. ती अळ्या धरून नेते आणि पोरांसाठी साठवून ठेवते. तुम्ही रेशनच्या रांगेत उभे राहायचात तसं. तिच्या वाटेला जाऊ नका, ती तुमच्या जाणार नाही."

आगाशे वर गेले. माशीचं घर राहिलं. पण ताईंच्या जिभेची सगळ्यांनाच धास्ती होती. दूधवाला, पेपरवाला, वरच्या मजल्यावरच्या सुना, कुणीही कामाशिवाय त्यांच्या दारात थांबत नसे. त्यांच्याकडे पाहुणा आलेला मी कधी पाहिला नाही. सणावारी फराळाचं ताट यायचं, ते दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून लोक बेल वाजवून पुढे जायचे.

माझ्याशीही त्या काही गोड बोलत नसत. पण मी जो काही आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हिंजवडीच्या एका कंपनीने फोनवर मुलाखत घेणार असल्याचं कळवलं, तेव्हा मी ताईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. समोरासमोर कसंतरी बोललो असतो. फोनवर, इंग्रजीत, कसं बोलायचं? ताईंनी मला मागच्या पायरीवर बसवलं, स्वतः घरात गेल्या आणि तिथून मला फोन केला.

"हॅलो, सर, मी..."

"ओरडताय कशाला? शेतात आहात का? ठेवा. पुन्हा करते."

असं कितीदा झालं ते सांगत नाही. घंटा वाजली की आधी श्वास घ्यायचा. पहिलं वाक्य सावकाश. समोरचा बोलत असताना 'हां, हां' करायचं नाही. उत्तर माहीत नसेल तर गप्प बसायचं नाही, माहीत नाही म्हणून सांगायचं. त्यांचं इंग्रजी काही मोठं नव्हतं, पण आवाज असा होता की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसेल. मला ती नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तर म्हणाल्या, "ठेवा तिथे. आणि आता मोठ्या पगाराचे झालात म्हणून पाणी घालायचं विसरू नका."

मी आता वाकडला राहतो. आमच्या संकुलात हिरवळ आहे, कारंजं आहे, कापून गोल केलेली झुडपं आहेत आणि दर महिन्याला फवारणी असते. संध्याकाळी तिथे बाकावर बसलो की इतकं शांत असतं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मग त्या पट्टीतला आवाज आठवतो. सकाळी कंपनीच्या बससाठी निघताना तुळशीवर निळ्या पट्ट्यांच्या माशा गुणगुणत असायच्या, शिंपी पक्षी लिंबात ओरडायचा आणि ताई पदर खोचून रुईची पानं उलटीपालटी करत असायच्या.

गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी या रुईसाठीच लांबवलं होतं. चालता येत नव्हतं, भिंतीला धरून नळापर्यंत जायच्या. डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि ताईंनी ती नाकारली.

"रुईवर कोष लागलेत. बाहेर पडायचे आहेत. असं बाळंतपण टाकून मी कशी येऊ?" हे त्यांनी खरंच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी दुसरी तारीख दिली. तोवर नव्या अळ्या आल्या होत्या. तेव्हा मात्र मी हात जोडले. म्हणालो, "ताई, मी बघतो. तुम्ही जाऊन या."

गावाकडे हे कळलं तसं आई म्हणाली, मी येते. दवाखान्यातून आलेल्या बाईला रांधून कोण घालणार? आईने ताईंना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवरून तिला सगळं माहीत होतं. माझ्या पोराला खोली दिली, बोलायला शिकवलं, नोकरीला लावलं. तिच्या मनात या बाईचं मोठं ऋण होतं आणि ते फेडायला तिला काही सापडत नव्हतं. ताई दवाखान्यात गेल्या आणि आई ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि खुरपं घेऊन आली. खुरपं कशाला आणलंस, असं मी विचारलं नाही. आई कुठेही जाताना खुरपं नेते. मी तिला नळ दाखवला, म्हणालो, "झाडांना तेवढं पाणी घाल," आणि बस पकडली.

संध्याकाळी परत आलो तर पट्टी ओळखू येईना.

इकडून तिकडे काळी माती. वाफे दोरी लावल्यासारखे सरळ. रुई नाही, तरवड नाही, टाकळा, खुळखुळा, एरंडी, काही नाही. लिंबू, कढीपत्ता, जास्वंद आणि तुळस तेवढी उभी होती, त्यांची आळी सारवल्यासारखी साफ. मोहरीच्या कुंड्या धुऊन पालथ्या घातलेल्या. आई नळावर हात धूत होती. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर समाधान.

"आई, पाणी घालायला सांगितलं होतं ना मी."

"पानी कुनाला घालू, तनाला? बया, किती रान माजलं हुतं. बाईचा पाय दुकतोय, तिला वाकाया येत न्हाई, म्हनून माजलं. सकाळपासनं बसले हुते. मेथी टाकलीय, कोथमीर टाकलीय, त्या तिकडं वांग्याची रोपं लावीन. आन् अळ्या किती म्हनून सांगू. समद्या वेचून भिताडापल्याड टाकल्या, कावळ्यांनी नेल्या."

मी पायरीवर बसलो. आईला कसं सांगणार? शेतकऱ्याच्या घरात आजारी माणसाचं रान खुरपून देणं याहून मोठी मदत नाही. आमच्या वडिलांचा हात मोडला होता त्या वर्षी शेजारच्या बायकांनी न बोलावता येऊन आमची ज्वारी खुरपून दिली होती. आई अजून त्यांची नावं काढते. तिने ताईंना तिच्याजवळचं सगळ्यात चांगलं दिलं होतं. आणि ताईंच्या आयुष्यात जे काही होतं, ते सगळं काढून टाकलं होतं.

वरच्या गॅलरीतून आगाशे बघत होते. मला खुणेने वर बोलावलं. त्यांच्या मनातला पेव्हर ब्लॉकचा रस्ता आज निम्मा मोकळा झाला होता, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

"मोहिते, ताई घरी यायच्या आधी तुमच्या मातोश्रींना गावी पाठवा," ते हळूच म्हणाले. "मी ताईंना ओळखतो. त्या जे बोलतील ते या माउलीला ऐकवणार नाही."

मलाही तीच भीती होती. झाडं गेली ती गेली. पण ताईंचं एक वाक्य आईच्या वर्मी लागलं असतं, तर तिने पुन्हा पुण्यात पाऊल ठेवलं नसतं. मी आईला म्हणालो, तू आता गावी जा, वडिलांचे हाल होत असतील. ती म्हणाली, "येड्या, बाई यायच्या आधी कशी जाऊ? रान बघून तिला काय वाटतं ते बघाया नगं?"

ताई वॉकर धरून रिक्षातून उतरल्या. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, ताईंसाठी बहुधा ते पहिल्यांदाच कुणी केलं असावं, त्या गोंधळून उभ्या राहिल्या. मग घरात न थांबता तशाच मागच्या दाराकडे गेल्या. मी मागोमाग. आई सगळ्यांच्या पुढे.

"बघा ताई," आईने हात पसरून दाखवलं. मेथी बोटभर वर आली होती.

ताईंनी पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. वर गॅलरीत आगाशे उभे होते, ते मागे सरकले.

"हे तुम्ही एकट्यांनी केलंत?"

"मग वो. ह्यो जातुया सकाळच्या गाडीला."

"रुईसुद्धा काढलीत?"

"मुळासकट. लई खोल मूळ हुतं, चीक उडला हातावर, पर सोडली न्हाई."

"हात बघू," ताई म्हणाल्या.

आईने लाजत हात पुढे केले. रुईच्या चिकाने मनगटापर्यंत कातडी लाल होऊन सोलली होती. इतके दिवस ते मला दिसलं नव्हतं. आई भाकऱ्या थापत होती, मी खात होतो. ताई बराच वेळ ते हात धरून उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोहिते, खोबरेल तेलाची बाटली आणा. फडताळात वरच्या खणात. आणि उभे काय राहिलात असे?"

मी बाटली आणली. ताईंनी स्वतः आईच्या हातांना तेल लावलं. लावता लावता म्हणाल्या, "मला कधीची साफ करायची होती ही जागा. गुडघ्यामुळे राहून गेलं. बरं झालं तुम्ही आलात."

आगाशे त्या दिवशी संध्याकाळी खाली आले आणि ताईंच्या दारात पपई ठेवून गेले.

रात्रीची भाकरी झाल्यावर आई भांडी घासत होती, तेव्हा मी ताईंजवळ गेलो. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"झाडं पुन्हा लावता येतात."

"पण ताई, इतकी वर्षं..."

"तुमच्या आईंना यातलं एक अक्षर बोललात तर खोली खाली करायची. कळलं?" मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे कधी कुणी न विचारता काही केलं नाही हो. लोक विचारतात. विचारलं की मी नको म्हणते. मग ते जातात."

आई बरेच दिवस राहिली. दोघी मागच्या दारात बसायच्या. आई बोलायची, ताई ऐकायच्या. आमच्या भावकीतली सगळी भांडणं ताईंना पाठ झाली. कधी कधी त्या आईला विचारत, "मग त्या धाकट्या जावेने काय केलं?" वांगी लागली, मेथीच्या जुड्या झाल्या, त्या ताईंनी आगाश्यांकडे पाठवल्या. आई गावी गेली त्या सकाळी ताई रिक्षापर्यंत आल्या आणि आई दिसेनाशी झाल्यावरही वॉकर धरून तिथेच उभ्या होत्या.

त्यानंतर मी पुन्हा बांधावरची बोंडं आणली, या वेळी दोऱ्याने बांधून. तरवडाच्या शेंगा आणल्या. नर्सरीवाल्याकडून खाल्लेली रोपं आणली. ताईंनी आईची कोथिंबीर कापली नाही, ती फुलावर जाऊ दिली आणि तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर बारक्या माशांची झुंबड उडाली. रुई हळूहळू कमरेएवढी झाली. एका सकाळी नारिंगी फुलपाखरू येऊन पानाखाली पोट वाकवून बसलेलं मी पाहिलं. ताईंनाही हाक मारून दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली, पण पूर्वीसारख्या हरखल्या नाहीत.

नळाशेजारच्या कोपऱ्यात मात्र त्यांनी काहीच लावलं नव्हतं. तिथे हराळी आणि लव्हाळा माजला होता. लव्हाळ्याची गाठ किती खोल जाते हे मला माहीत होतं. एका रविवारी मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "ताई, एवढं गवत काढून टाकतो."

"हात लावू नका त्याला."

"त्यावर फुलपाखरं वगैरे येतात का?"

"काही येत नाही. तण आहे ते." ताई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "तुमच्या आईंची सुगी संपली का हो?"

सुगी संपल्यावर आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या दाराकडे गेली, कोपरा बघितला आणि कपाळाला हात लावला. "काय वो ताई, एवढ्या शिकलेल्या तुमी, आन् एवढंसं तन निघंना तुमच्यानं?"

"नाही हो जमत मला," ताई म्हणाल्या.

आईने गोणपाट अंथरलं, खुरपं काढलं आणि बसली. कोपऱ्यात ऊन होतं. ताई घरात गेल्या, छत्री घेऊन आल्या आणि आई उकरत होती तितका वेळ तिच्या डोक्यावर ती धरून उभ्या राहिल्या.